संगणक सुरू होईना, तर काय पाहावे?

आपल्या शाळेच्या कार्यालयाशेजारच्या खोलीतला संगणक सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. पालक मंडळींपैकी पुष्कळांनी मात्र त्यावर झाकलेले फुलाफुलांचे कापडच तेवढे पाहिले असेल. सर्व शिक्षा अभियान चालू होते (ते पुढे २०१८ साली समग्र शिक्षा योजनेत सामील झाले), त्या काळात महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांना संगणक मिळाले. आपला त्याच पिढीतला. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. बैल असता तर एव्हाना दावणीला बसून खात असता.

यंदा जडसंग्रह नोंदवही तपासताना त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत घालायचे की नाही, असा प्रश्न निघाला. निर्लेखन म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढणे. एकदा नाव कटले की वस्तू भंगारात. दुसरा संगणक कधी येईल ते सांगता येत नाही, आणि सहावी-सातवीची आम्ही सगळी मुले त्या एकाच कळफलकावर मराठी टंकलेखन शिकतो. म्हणून यादी पाठविण्यापूर्वी तो नीट तपासायचा, असे गुरुजींनी ठरविले. मी मदतीला होते.

विहिरीवरची मोटर पाणी उचलीना, तर कोणी विहीर बुजवत नाही. आधी लाईट आहे का पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर वर काढायची ती अगदी शेवटी, कारण त्याला माणसे लागतात आणि पैसेही. संगणकाचेही तसेच. जे फुकटात पाहता येते ते आधी पाहावे. आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर दोष कोणाचा होता ते कळतच नाही. काय हलवले आणि काय झाले, हे मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले.

अशी वही ठेवण्याची रीत फार जुनी आहे बरं का. अमेरिकेत हार्वर्ड मार्क दोन नावाचा खोलीभर मोठा संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो अडला. शोधता शोधता आतल्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीने वहीत चिकटविला आणि खाली नोंद केली. ती वही आज तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आमच्या पेटीत पतंग नव्हता. दोन वाळलेली झुरळे आणि पालीच्या अंड्याचे टरफल निघाले. पेटीच्या मागची एक पट्टी निघालेली होती, त्या फटीतून ही मंडळी आत शिरतात. तिथे आता पत्र्याचा तुकडा बसविला आहे.

पहिली तपासणी विजेची. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची. पेटीत मागच्या बाजूला पत्र्याचा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे लहान लहान वाटे करून आतल्या भागांना देतो. बटण दाबल्यावर पंखा अजिबात फिरला नाही, तर दोष बहुधा इथपर्यंतच्या वाटेवर असतो : बोर्ड, पिन, वायर, डबा किंवा बटण. त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही लावून पाहिले की निम्मा उलगडा होतो. हा डबा मात्र कोणीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते. जुन्या जाड पाठीच्या पडद्याचे तर विचारूच नका. त्याच्या काचेच्या नळीला वीस हजारांवर व्होल्ट लागतात.

इथेच पालकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट सापडली. पेटीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मुले त्याला "संगणक चावतो" म्हणत आणि हसत. माझे चुलते वायरमनचे काम करतात. त्यांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला, तर अर्थिंगवर दिवा जेमतेम लुकलुकला. एसएमपीएसच्या आत येणाऱ्या विजेची थोडीशी गळती पत्र्यावर यावी आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी, अशी रचनाच असते. अर्थिंग नसले की ती वाट पाहत पत्र्यावरच थांबते, आणि आपला हात लागला की आपल्यातून जाते. आपल्या नगर जिल्ह्यात पाऊस कमी. चैत्र-वैशाखात जमीन खोलवर वाळते, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. चुलत्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यातली गंजलेली तार बदलली, मीठ-कोळसा घातला, पाणी सोडले. दिवा भक्कन पेटला. झिणझिण्या बंद. ज्यांच्या घरी फ्रीज किंवा धुण्याचे यंत्र असे चावते, त्यांनी हसण्यावारी न नेता वायरमन बोलवावा.

आता दुसरी तऱ्हा. पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही, आणि पेटी पीं पीं करते. ते रडणे नाही, ते सांगणे आहे. सुरू होताना संगणक आपले सर्व अवयव आहेत का ते मोजून पाहतो. पडदा चालू होण्याआधीच काही चुकले तर बोलायला त्याच्याकडे शिट्टीखेरीज काही नसते. कोणत्या शिट्टीचा काय अर्थ, ते कंपनीगणिक वेगळे. आपल्या पेटीची लांबलचक शिट्टी मेमरीची होती.

मेमरी म्हणजे हिरवी लांबट पट्टी, कडेला सोनेरी दातांची रांग. वर्षानुवर्षे दमट हवा आणि धूळ लागून दातांवर मळ बसतो व जोड सुटतो. वायर काढायची, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पट्टी काढायची आणि दात साध्या खोडरबराने हलके पुसायचे. रबराचा चुरा ब्रशने झाडायचा. परत बसविताना दोन्ही टोकांच्या कड्या खट् वाजेपर्यंत दाबायचे. आपल्या संगणकात दोन पट्ट्या होत्या. पुसून दोन्ही लावल्या, तरी शिट्टी. मग एकेक लावली. पहिली दोन्ही खाचांत चालली, दुसरी दोन्हींत रडली. म्हणजे खाचा चांगल्या, दुसरी पट्टी गेलेली. वहीत हे लिहिताना मला गणित सुटल्यासारखे वाटले.

संगणक चालू झाला, पण तारीख दाखवी १ जानेवारी २००७. आजी बघायला आली होती, ती म्हणाली, "बरं झालं, माझं वय कमी झालं." तारीख चुकली की इंटरनेटवरची पुष्कळ पाने उघडत नाहीत, कारण त्यांच्या ओळखपत्राची मुदत संगणक आपल्या तारखेशी ताडून पाहतो. बंद असताना घड्याळ चालविणारा रुपयाएवढा सेल आत असतो. त्यावर सीआर २०३२ लिहिलेले असते : २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तो बदलला की काम झाले. जुना सेल मात्र घरात लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला आणि घशाखाली अडकला, तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. तेव्हा घरगुती उपाय करीत बसायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा.

पंधरा मिनिटे चालून आपोआप बंद पडणे, हा उन्हाळ्यातला रोग. कारण धूळ. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पत्र्याच्या पातळ पाकळ्या असतात, त्यांत इतकी धूळ होती की निघाली ती गोधडीच्या कापसासारखी. उष्णता फार वाढली की प्रोसेसर जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. साफ करताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल धरावी, तो गरगर फिरू देऊ नये.

मुख्य फळीवर लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचे डोके सपाट हवे. फुगलेले दिसले तर डाग देणाऱ्या कारागिराकडे न्यावे, ते काम घरचे नव्हे. आपले सपाट आहेत.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ती टक् टक् वाजू लागली, तर दुरुस्तीच्या आधी आतले सर्व दुसरीकडे उतरवून घ्यावे. आपली अजून वाजत नाही, तरी शाळेची माहिती आणि स्नेहसंमेलनाचे फोटो आम्ही पेन ड्राइव्हवर घेतले आहेत.

सध्या एका पट्टीवर संगणक हळू चालतो, पण चालतो, आणि यादीत त्याचे नाव गेले नाही. त्याला डीडीआर-दोन जातीची मेमरी लागते. डीडीआर-तीन तेवढीच लांब असते, पण तिची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसत नाही. कोणाच्या घरी किंवा नगरला नातेवाइकांकडे बंद पडलेला जुना संगणक असेल, तर भंगारात घालण्यापूर्वी ती पट्टी शाळेत आणून द्यावी. खोडरबर आमच्याकडे आहे.