जमीन विकताना लग्न झालेल्या बहिणीची सही लागते का?

हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि मुळशी तालुक्यातल्या कासारसाईसारख्या गावांत जमिनीला भाव आला. अशा ठिकाणी व्यवहार ठरला की हा प्रश्न हमखास निघतो.

हिंदू कुटुंबाची वडिलोपार्जित, वाटणी न झालेली जमीन असेल तर बहिणीची सही लागते.

कायदा कधी बदलला?
महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना समान वाटा दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून हा भेद संपला.

मग वाद कसला?
२००५ मध्ये त्या दिवशी वडील हयात असले तरच मुलीला हक्क, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये फुलवती प्रकरणात म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ही अट काढली. मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो.

अपवाद कोणते?
२० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी, कोर्टाचा वाटपाचा हुकूम किंवा विक्री कायम राहते. ‘तोंडी वाटप झालं होतं’ एवढं सांगून भागत नाही. सरकारी कागदपत्रांचा भक्कम पुरावा लागतो. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

सातबारावर नाव नसेल तर?
सातबारा हा महसुली दस्त आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली तर मात्र वाटा सुटतो. साडीचोळी घेऊन केलेली ती सही नंतर सहजी मागे घेता येत नाही. म्हणून आधी कागद वकिलाकडून वाचून घेतलेला बरा.