तुर्कस्तान आणि मुस्लिम ब्रदरहूड : वैचारिक मैत्रीची किंमत

सत्ताधारी पक्षाचे नाते परदेशातील एखाद्या चळवळीशी जुळलेले असेल, तर त्या चळवळीच्या भरभराटीचा लाभ आणि पडझडीचा फटका दोन्ही त्या देशाच्या वाट्याला येतात. तुर्कस्तानचा गेल्या दोन दशकांचा अनुभव हेच सांगतो.

तेथे २००२ मध्ये निवडून आलेल्या न्याय आणि विकास पक्षाची मुळे नेजमेत्तिन एर्बाकान यांच्या इस्लामी राजकारणात आहेत. १९२८ मध्ये इजिप्तमध्ये स्थापन झालेल्या मुस्लिम ब्रदरहूडशी या प्रवाहाची जुनी जवळीक. ब्रदरहूडमधूनच उगम पावलेल्या आणि २००६ मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक जिंकणाऱ्या हमासचे नेते खालिद मशाल लगेचच अंकाराला आले, ते याच नात्यामुळे.

२०११ च्या अरब उठावांनंतर हे नाते तुर्कस्तानचे भांडवल ठरले. २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी इजिप्तचे अध्यक्ष झाले आणि अंकाराला कैरोत हक्काचा मित्र मिळाला. मात्र जुलै २०१३ मध्ये लष्कराने मोर्सींना हटवले. तुर्कस्तानातही १९९७ मध्ये लष्कराच्याच दबावामुळे एर्बाकान यांना पंतप्रधानपद सोडावे लागले होते. ती जखम ताजी असल्याने न्याय आणि विकास पक्षाचे नेते व तत्कालीन पंतप्रधान रेजेप तय्यिप एर्दोआन यांनी नव्या राजवटीला मान्यता नाकारली. इजिप्तने तुर्की राजदूताची हकालपट्टी केली. ब्रदरहूडच्या परागंदा कार्यकर्त्यांना इस्तंबूलमध्ये आसरा मिळाला, तेथून त्यांच्या दूरचित्रवाणी वाहिन्याही चालू लागल्या.

ब्रदरहूडला दहशतवादी ठरवणारे सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती त्यामुळे दुरावले. २०१७ मध्ये या देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा तुर्कस्तानने कतारमधील आपले सैन्य वाढवले. २०१९ मध्ये कैरोत पूर्व भूमध्य वायू मंच उभा राहिला, त्यात तुर्कस्तानला स्थान नव्हते.

तुर्की चलन लिरा घसरू लागल्यावर गुंतवणुकीची निकड वाढली आणि धोरण वळले. २०२१ मध्ये इस्तंबूलमधील वाहिन्यांना इजिप्तवरील टीका सौम्य करण्यास सांगण्यात आले. २०२२ मध्ये एर्दोआन अमिराती आणि सौदी अरेबियाला गेले, दोहात त्यांनी इजिप्तचे अध्यक्ष सिसी यांच्याशी हस्तांदोलन केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते कैरोत दाखल झाले.

हमासबाबत मात्र भूमिका बदलली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एर्दोआन यांनी तिला मुक्तिसंघटना म्हटले, कारण पॅलेस्टाइनचा प्रश्न तुर्की मतदारांच्या जिव्हाळ्याचा आहे. वैचारिक नाते परराष्ट्र धोरणाला दिशा देते. ते किती काळ टिकवायचे, हे तिजोरी आणि मतपेटी ठरवतात.