वाल कोण सोलणार?

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्ताच्या टेकडीची यात्रा सुरू झाली की चौलमधल्या घरांत पाहुण्यांची रीघ लागते. काही सांगून येतात, बरेचसे न सांगता. माझं ऑफिस अलिबागला. नागाव-आक्षीवरून जाणारी एसटी यात्रेच्या गर्दीत वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो. त्यात मुलीची घटक चाचणी, सासऱ्यांच्या गोळ्या, वाडीला पाणी सोडणं. यंदा या आठवड्याची आखणी मी एआय चॅटबॉटकडून करून घेतली.

नारळ खवता खवता मोबाइल ओट्यावर उभा केला आणि बोलत गेले. २०२४च्या जूनपासून गुगलचं जेमिनी ॲपही मराठीत आहे, त्यामुळे बोलायला इंग्रजीची अडचण नाही. सांगितलं, "उद्या गुरुवार, मासळी नाही. सहा माणसं जास्तीची आहेत. मला आठला घर सोडायचंय. मोड आलेले वाल आहेत." त्याने आधी पनीर सुचवलं. बिरडंच करायचंय म्हटल्यावर वाल सोलायला पंधरा मिनिटं धरली! कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची असते. दहा-अकरा माणसांच्या बिरड्याला एकट्या बाईचा तास सहज जातो. हे सांगितल्यावर मात्र वेळापत्रक झटक्यात बदललं. सोलणं आणि वाटण रात्री, सकाळी फक्त फोडणी. अशी मोडतोड करून मांडणी पुन्हा लावण्यात हे यंत्र फार कामाचं आहे. डोक्यात एकाच वेळी घोळणाऱ्या दहा गोष्टी समोर ओळीने दिसल्या की जीव हलका होतो.

पण त्या यादीतलं प्रत्येक काम माझ्याच नावावर होतं. वाल सोलणारी मी, पाणी सोडणारी मी, अभ्यास घेणारीही मीच. विचारणारी बाई, म्हणून करणारी तीच असं त्याने गृहीत धरलं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. आपल्या घरांत जे चालत आलंय, तेच यादीत उतरलं. मग मी सांगितलं, "घरात मोठी चार माणसं आहेत, कामं चौघांत वाट." लगेच वाटली. पाणी नवऱ्याकडे गेलं, गोळ्यांची वेळ सासऱ्यांनी स्वतः सांभाळायची ठरली. वाल सोलायला सासूबाईंनी आपल्या मुलालाच, म्हणजे माझ्या नवऱ्यालाच, शेजारी बसवलं. "शीक, अवघड काही नाही," एवढंच म्हणाल्या.

मुलीच्या शाळेतल्या गावाविषयीच्या प्रकल्पात मात्र त्याच्यावर विसंबता आलं नाही. त्याने कोर्लईचा किल्ला थेट चौलमध्ये आणून ठेवला. तो कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावर आहे, हे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलेल्या कुणालाही दिसतं. मुलीला तिथे नेलं आणि उतारा तिने स्वतःच्या शब्दांत लिहिला.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, हे साधन जरूर वापरा. मुलांची नावं, आजारपणाचे कागद, आधार क्रमांक त्यात टाकू नका. आणि कामांची यादी मागताना घरात हातपाय धड असलेली माणसं किती आहेत, ते पहिल्याच वाक्यात सांगा.