विज्ञान, प्रतिभा आणि फुरसत

प्रतिभा कवीची, बुद्धी शास्त्रज्ञाची आणि हात कामगाराचे, अशी एक वाटणी आपल्या समाजाने फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. या वाटणीप्रमाणे कवीने हिशेब करू नये, शास्त्रज्ञाने स्वप्ने पाहू नयेत, आणि कामगाराने तर विचार करण्याच्या भानगडीत पडूच नये. सांगितलेले काम मुकाट्याने करावे. आमचे बरेच आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळेत आम्ही थोडे शिकलो आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ. तेव्हा आम्ही तत्त्वज्ञ असल्याचा आव आणणार नाही. पण विचार कसा जन्मतो आणि त्याला काय काय लागते, हा प्रश्न आमच्या धंद्याशी निगडित आहे. म्हणून त्याचा विचार एका माणसाच्या उदाहरणावरून करू. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. बापाची प्रकृती नेहमीची नादुरुस्त आणि घरची गरिबी. महागाईच्या दिवसांत या मुलाला आठवडाभरासाठी एक पाव मिळे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवार म्हणून लागला आणि सात वर्षे तेथेच राहिला. बांधणीला आलेली पुस्तके कामाचे तास संपल्यावर तो वाचीत असे. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्राचे सोपे पुस्तक त्याच्या हाती आले ते असेच. शहरात संध्याकाळी शास्त्रावर व्याख्याने होत आणि त्यांची फी एक शिलिंग असे. ती त्याच्या थोरल्या भावाने दिली, आणि तो भाऊही लोहारच होता. पुढे १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने ती व्याख्याने टिपून घेतली, टिपणे स्वच्छ उतरून काढली, आपल्याच हाताने त्यांची बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हीकडे पाठवून दिले. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून दाखल झाला.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा 'पाहा, जिद्द असली की माणूस काय करतो!' असे म्हणून थांबतात. जिद्द हवीच, परंतु त्या जिद्दीला टेकू कशाकशाचा होता, हेही मोजले पाहिजे. हाताशी पुस्तक होते, भावाचा शिलिंग होता, वाचायला हरकत न घेणारा दुकानमालक होता आणि कामानंतरची संध्याकाळ मोकळी होती. यांतली संध्याकाळ काढून घेतली असती, तर बाकीच्यांचा फारसा उपयोग झाला नसता.

आता त्याच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळू. १८२० साली कोपनहेगनला ओर्स्टेड या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे शेजारची होकायंत्राची सुई वळते. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, हे त्यावरून सिद्ध झाले. मग साहजिकच उलट प्रश्न उभा राहिला: चुंबकत्वापासून वीज निर्माण होईल काय? युरोपातले अनेक विद्वान या प्रश्नामागे लागले. फॅरेडेनेही मधल्या काळात प्रयत्न केले आणि ते फसले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूस तारेचे एक वेटोळे गुंडाळले आणि दुसऱ्या बाजूस दुसरे. पहिले वेटोळे बॅटरीला जोडायचे होते. दुसऱ्याची तार एका चुंबकी सुईवरून नेली होती. त्यात वीज आली तर सुई हलणार होती. दोन वेटोळ्यांचा एकमेकांशी सांधा कोठेही नव्हता.

बॅटरी जोडताच सुई हलली, आणि लगेच पुन्हा जागेवर आली. बॅटरी चालू होती तोवर सुई स्वस्थ होती. जोड तोडताच ती पुन्हा हलली, आणि या वेळी उलट दिशेने. चुंबकत्व आहे तोवर वीज वाहत राहील, अशी सर्वांची अपेक्षा होती. सुईने सांगितले ते निराळेच: चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलत असले पाहिजे. दोन महिने उलटण्याच्या आतच फॅरेडेने एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून वीज अखंड वाहती ठेवून दाखवली. पुढे जगात बसलेली विजेची जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. सुईचा हिसका काही फॅरेडेपुरताच राखून ठेवलेला नव्हता. फ्रान्सच्या अँपियरला १८२२ साली असाच एक परिणाम दिसला होता, पण दुसऱ्याच सिद्धांतात गुंतलेला असल्यामुळे त्याने त्याचा पाठपुरावा केला नाही. जिनीव्हाच्या कोलाडोनची हकीकत तर चुटपूट लावणारी आहे. आपल्या मोठ्या चुंबकाचा सुईवर परिणाम होऊ नये म्हणून त्याने सुई दुसऱ्या खोलीत ठेवली होती. चुंबक वेटोळ्यात घालून तो त्या खोलीत पोहोचेपर्यंत सुई हलून पुन्हा स्थिर झालेली असे! शेजारच्या खोलीत एक मदतनीस उभा असता, तर विजेचा इतिहास कदाचित जिनीव्हात लिहिला गेला असता. विचार एकाच्या डोक्यात उगवतो असे आपण म्हणतो. पण तो हाती लागायला पुष्कळदा चार डोळे लागतात.

मग प्रतिभा ती कोठली? आमच्या मते, क्षुल्लक हिसका क्षुल्लक नाही हे ओळखण्यात तिची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे न दिसणाऱ्याचे चित्र मनात उभे करणे. फॅरेडेला गणित जवळजवळ येतच नव्हते. कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस टाकला की त्याच्या वाकड्या रांगा बनतात, हे शाळेतल्या मुलांनी पाहिलेले असते. त्या रांगा पाहून फॅरेडेने म्हटले की चुंबकाभोवतीची जागा रिकामी नाही. तीत बलाच्या रेषा भरलेल्या आहेत. त्या वेळच्या अनेक गणितज्ञांना ही कल्पना बाळबोध वाटली. परंतु जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने तिला गणिताचा पेहराव चढवला आणि १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रकाश हीच विद्युत्चुंबकीय लहर आहे, असे मांडले. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. रेडिओपासून आपल्या खिशातल्या मोबाइलपर्यंत सारे तेथून निघाले. फॅरेडेने १८५७ साली मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले होते की, गणिती लोकांना आपले निष्कर्ष सामान्य भाषेत सांगता येणार नाहीत काय? व्याख्यान ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यात कमीपणा नाही.

येवढ्यावरून शास्त्रज्ञ म्हणजे कवीच, असे मात्र कोणी म्हणू नये. दोघेही न दिसणारे पाहतात, पण शास्त्रज्ञाला पुढे एक कडू औषध घ्यावे लागते. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचाही काही संबंध असला पाहिजे, असे फॅरेडेला मनापासून वाटे. १८४९ च्या सुमारास त्याने त्यासाठी प्रयोग केले आणि हाती काही लागले नाही. त्याने ते प्रयोग लपवले नाहीत. संबंध आढळला नाही असे जाहीर केले, आणि तो असावा ही आपली भावना कायम आहे, हेही सांगितले. त्याच्या प्रयोगवहीतील क्रमांक घातलेल्या नोंदी सोळा हजारांवर आहेत आणि त्यांत फसलेले प्रयोगही आहेत. कल्पना मोकळी सोडायची आणि पुरावा आवळून धरायचा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधाव्या लागतात.

आणि यात हातांचा वाटा किती! त्या कड्यावरच्या तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फॅरेडेने मध्ये दोरा आणि कॅलिको कापड घातले होते. कॅलिको हे नाव आपल्या कालिकतवरून पडले. त्याच्या प्रयोगांत पुढे वर्षानुवर्षे अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट मदतीला होता, आणि फॅरेडेने त्याचे ऋण छापील निबंधात मान्य केले. असे अँडरसन प्रत्येक कारखान्यात असतात. मागाच्या खडखडाटात आपल्या मागाचा धोटा किंचित बिनसला आहे, हे अनुभवी कामगार कानाने ओळखतो. तो सुईचा हिसका ओळखण्याचाच प्रकार आहे. फरक येवढाच की येथे त्याला 'का?' असे विचारायला वेळ दिला जात नाही.

हा वेळेचा प्रश्न आमच्या मुंबईत फार कठोरपणे उभा राहिला होता. गिरण्यांचे काम पूर्वी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. निदान सूर्य तरी सुटी देत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे जून १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्या प्रकाशाने कामगाराला वाचायला रात्र मिळाली काय? नाही. दिवे लागले म्हणून साचे अंधार पडल्यावरही चालू राहिले आणि कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांच्या घरात गेला. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ चा कायदा यावा लागला. बुकबाइंडरच्या उमेदवाराने मोकळ्या संध्याकाळी मिळवलेल्या विद्येतून वीज निघाली, आणि त्याच विजेने हजारोंच्या संध्याकाळी हिरावून घेतल्या. यात विजेचा दोष नाही. दिवा कोणासाठी लावायचा, हे वीज ठरवीत नाही.

आज नवी यंत्रे लिहितात, चित्रे काढतात, प्रश्नांना उत्तरेही देतात. ती विचार करतात की नाही, यावर विद्वानांचे वाद चालू आहेत आणि ते चालू राहावेत. आम्हांला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्यांनी वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार? तो कामगाराच्या पदरात पडला तर माणसाची विचारशक्ती वाढेल. त्याच्या हातून कामही गेले आणि उरलेल्यांवर दुप्पट बोजा पडला, तर १९०५ चाच प्रकार नव्या दिव्यांखाली घडेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो: 'फुरसत दिली तर तुमचा कामगार पत्ते कुटील.' कुटील की! डॉक्टर आणि वकीलही कुटतात. शंभरांपैकी किती जण फुरसतीचे सोने करतील, हे आधी कोणी सांगू शकत नाही. १८०५ साली लंडनच्या दुकानात चिकटवणी ढवळणाऱ्या पोराकडे पाहून तरी कोणी काय सांगितले असते? प्रतिभा कोठे आहे ते आधी ठाऊक नसते, म्हणूनच फुरसत सर्वांना द्यावी लागते.

फॅरेडे मोठा झाल्यावर सामान्य माणसांची वाट विसरला नाही. सर्वांना कळेल अशा भाषेत त्याने वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. एका साध्या मेणबत्तीवर तर मुलांसाठी त्याने सहा व्याख्याने दिली. आपल्याकडे पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यामागे हीच समजूत होती की ज्ञान चार भिंतींत ठेवायची वस्तू नव्हे. तेव्हा श्रोत्यांनी येथून जाताना केवळ वक्त्याचे कौतुक नेऊ नये. एखादा प्रश्न न्यावा. आणि आपल्या कारखान्यात, कचेरीत किंवा घरात ज्यांना अशा व्याख्यानाला यायला वेळच मिळत नाही, त्यांची संध्याकाळ कोणी घेतली, हा प्रश्न आधी न्यावा. घरी भांडी घासणाऱ्या बाईंपासून त्याची सुरुवात करता येईल.