रखवालदार कुठून येतात?

आज आपण घेतलेला प्रश्न ऐकायला साधा आहे. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर रात्री कुणाला साप चावला, कुडाच्या घराला आग लागली, पावसात दरड आली, तर पोलीस, बंब, रुग्णवाहिका यांना धावून यावं लागतं. या यंत्रणेवर राजकारणातली माणसं देखरेख करतात. ती कुठून आलेली असतात? आणि ते कळल्यानं आपल्याला काही मिळतं का?

सुरुवात जव्हारपासूनच करू, कारण जव्हार एके काळी बेटासारखंच होतं. चहूकडे इंग्रजांचा ठाणे जिल्हा (मोखाडाही त्यातच) आणि मध्ये मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकापासून चालत आलेलं हे घराणं कोळी, म्हणजे इथल्याच मातीतलं. पोलीस, न्याय, तुरुंग, सगळं शेवटी दरबारात येऊन थांबायचं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पुढे ते लोकसभेवर निवडून गेले. आता बघा, रखवालदाराकडून आपण जे जे मागतो ते सगळं या एका माणसात होतं: आपल्यातला, शिकलेला, शिस्तीत वाढलेला. जव्हारच्या कुटीर रुग्णालयाला आजही पतंगशाहांचं, म्हणजे राजघराण्यातलंच नाव आहे. तरीसुद्धा पाड्यावरच्या माणसाला राजाला जाब विचारता येत होता का? नव्हता. तो गुण माणसाच्या पार्श्वभूमीत नसतो, व्यवस्थेत असावा लागतो.

प्लेटोला हे फारसं पटलं नसतं. त्याचे राज्यकर्ते पन्नाशीपर्यंत तालीम घेतात, मग गादीवर बसतात. आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात हे शिकवलं, आणि खरं सांगायचं तर शिकवताना पटायचंही. पण निवडणुकीत तालीम विचारली जात नाही, आणि ते बरंच आहे. महाराष्ट्राचंच पाहा. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत, ते गृहमंत्री झाले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, नंतर फौजदार झाले, आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. फौजदारकी केलेला माणूस पोलिसांच्या सर्वोच्च खुर्चीवर बसणं ही आपल्याकडे तशी दुर्मीळच गोष्ट.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र आर. आर. पाटलांचं. सांगली जिल्ह्यातलं अंजनी हे त्यांचं गाव. ‘कमवा आणि शिका’ करत शिकले, जिल्हा परिषदेतून वर आले. अशा माणसाला गृह खातं मिळालं तेव्हा त्यांना काय दिसलं? गावातली भांडणं. बांधावरून, पाण्यावरून कोर्टात कुजणारे दावे. २००७ मध्ये त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ही कल्पना मुंबईत वाढलेल्या गृहमंत्र्याला सुचली असती असं आम्हाला वाटत नाही. आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, समुद्रावरून दहा माणसं आली. पाटलांना राजीनामा द्यावा लागला. २००९ नंतर ते परत त्याच खात्यात आले, ते वेगळं. पार्श्वभूमीमुळे माणसाला काही गोष्टी आधी दिसतात. पण ज्या तिच्यात नसतात, त्यांच्यासाठी तिचा उपयोग नाही. तिथे खातं, माहिती, सराव, निधी लागतो.

आता परत आपल्या डोंगरावर येऊ. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. जव्हार-मोखाडा विक्रमगड मतदारसंघात येतात, आणि तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्या वर्षी इथून निवडून आलेले वाड्याचे विष्णू सवरा आदिवासी विकास मंत्री झाले, शिवाय जिल्ह्याचे पालकमंत्रीही. आपलाच माणूस, आपलंच खातं, आपलाच जिल्हा! तरी २०१६ मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा छापून आल्याच. त्यांच्यानंतरचे पालकमंत्री रवींद्र चव्हाण डोंबिवलीचे, दादा भुसे मालेगावकडचे, गणेश नाईक नवी मुंबईचे. त्यांना परके म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण मग आधीच्या अनुभवाचं काय करायचं?

आमच्या मते खुर्चीवर कोण बसलाय याच्याइतकंच ती खुर्ची कुठे आहे हेही महत्त्वाचं. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला बालकं दगावली, त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. माणूस नाही बदलला, खुर्ची जवळ आणली. मोखाड्याहून पालघर शंभराच्या आसपास किलोमीटर पडतं. आजारी माणसाला घेऊन लोक नाशिकचीच वाट धरतात.

अॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये एक साधी गोष्ट सांगितलीय: घर चांगलं झालंय की नाही, हे बांधणाऱ्यापेक्षा राहणारा जास्त ओळखतो, जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणारा करतो. आमच्या एका विद्यार्थ्यानं भर पावसात आजीला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. ओढा उतरेपर्यंत दीड तास गेला. रुग्णवाहिका वेळेत आली होती, रस्त्यावर उभी होती. कागदावर सेवा मिळाली! ती मिळाली नाही हे फक्त डोली वाहणाऱ्या चौघांना ठाऊक होतं.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकनियुक्त, म्हणजे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पैशाचं नियोजन पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत. गावात पोलीस पाटील, १९६७ च्या कायद्याचा. आणि पेसा लागू असल्यामुळे आपल्याकडे ग्रामसभेला वजन आहे, निदान कायद्यात तरी. तेव्हा पुढचा पुढारी आला की तो कुठल्या समाजाचा, काय शिकलेला, हे जरूर विचारा. मग ओढ्यावरच्या साकवाचं विचारा, जवळचा बंब कुठे उभा असतो ते विचारा, आणि पावसाळ्यात तो पाड्यावर कधी येऊन गेला तेही. उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, तारखेसकट. त्या विद्यार्थ्यानं तेच केलं. साकव अजून झालेला नाही. पण आता दर सभेत त्याचा विषय निघतो, आणि ग्रामसेवकाला तो लिहावा लागतो.