चालू होईना

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खाली झेरॉक्सचं दुकान, दुकानासमोर रस्ता उकरणारा जेसीबी. ऑगस्टचा पाऊस मघाशीच उघडलाय, जिन्यात छत्र्या अजून निथळतायत. मी आलोय भाच्याची क्लासची फी भरायला. पावतीपुस्तक संपलंय, नवं आणायला मुलगा गेलाय. तोवर शेवटच्या बाकावर बसलोय.

समोर अकरा जण. बहुतेक विशी-बाविशीतले, डिप्लोमा झालेले. कराडची एक मुलगी सोमवारपासून हिंजवडीत हेल्पडेस्कवर रुजू होणार आहे. अमेरिकेत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की फोन हिला येणार. सध्या न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिचा दिवस आता दिवेलागणीला सुरू होईल. खिडकीशी पन्नाशी ओलांडलेले एक काका बसलेत. ते प्रिंटर दुरुस्त करतात. नखांत टोनरची काळी पूड, पुढ्यात दोनशे पानी वही.

सरांनी स्वतः दहा वर्षं रात्रपाळीत असे फोन घेतलेत. ते फळ्यावर मराठी वाक्य लिहितात आणि इंग्रजी विचारतात.

‘कॉम्प्युटर हँग झाला.’

“माय कॉम्प्युटर वॉज हँग्ड,” बार्शीचा मुलगा.

“का रे? गुन्हा काय केला होता त्याने?” वर्ग बावचळतो. “हँग्ड म्हणजे फाशी दिली. यंत्राच्या बाबतीत हंग. आणि समोरचा बहुतेक वेळा म्हणेल, इट फ्रोझ. गोठला. तेव्हा एसी कमी करायला सांगू नका.”

पुढचं वाक्य: ‘फाईल उडाली.’

‘फ्लू’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. कराडची मुलगी जपून म्हणते, “द फाईल गॉट डिलीटेड.”

“कुणी केली?”

“माझ्याकडून झाली, सर.”

“मग तसं सांग. आय डिलीटेड इट बाय मिस्टेक.”

तिचं पेन वहीवर थबकतं. मला हसू येतं. लहानपणापासून आपल्याकडे कप ‘फुटतो’, दूध ‘उतू जातं’. मी फोडला, मी घालवलं असं आपण होऊन कोण म्हणतं? सर तिची अडचण ओळखतात. “अगं, गॉट डिलीटेड चूक नाही. पण तू उडवलीस की आपोआप गेली, हे त्यातून कळत नाही. तू उडवली असशील तर आधी रीसायकल बिन बघायचा. आपोआप गेली असेल तर डिस्कवर संशय घ्यायचा. दोन्हींवर औषध वेगळं. डॉक्टरकडे गेल्यावर आपण वडापाव लपवतो ना, तसं इथे करायचं नाही.”

‘चालू होत नाही.’

“इट डझन्ट स्टार्ट,” दोघं-तिघं एकदम.

“ठीक. पण बटण दाबलं, परत दाबलं, हात जोडले, तरी ऐकत नाही. तेव्हा?”

खिडकीतून आवाज येतो, “चालू होईना.”

“शाब्बास, काका! इट वोन्ट स्टार्ट.”

काका चष्मा वर करतात. “म्हणजे वोन्ट म्हणजे आपलं ‘ईना’?”

“इथे तरी तेच.”

काका वहीवर वाकतात. उघडेना, वोन्ट ओपन. छापेना, वोन्ट प्रिंट. कागद घेईना, वोन्ट फीड. कनेक्ट होईना. बंदसुद्धा होईना. बघता बघता अर्धं पान भरतं. तीस वर्षं हट्टी यंत्रांशी गाठ असलेल्या माणसाला त्या हट्टाचं इंग्रजी सापडलंय, आणि ते मराठीच्या व्याकरणातूनच निघालंय.

ट्यूबभोवती पावसाळी पाखरं जमलीयत. एक बार्शीकराच्या वहीवर पडतं आणि त्याला प्रश्न सुचतो. “सर, सॉफ्टवेअरमध्ये बग म्हणतात तो खरंच किडा असतो?”

“एकदा होता,” सर खडू खाली ठेवतात. “9 सप्टेंबर 1947. हार्वर्डचा मार्क टू नावाचा कॉम्प्युटर. त्याच्या रिलेत पतंग अडकला होता. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि खाली गमतीने लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. गंमत अशासाठी, की यंत्रातल्या खोडीला बग म्हणायची पद्धत त्याआधीचीच. एडिसनही म्हणायचा.” बार्शीकर वहीवरचं पाखरू फुंकरीने उडवतो.

सर ग्राहकाच्या तक्रारीचं एक रेकॉर्डिंग ऐकवणार असतात. लॅपटॉप उघडतात. पडद्यावर एक वर्तुळ गरगरत राहतं.

“नेट हॅज गॉन!” मागून कुणीतरी.

“गेलं म्हणजे वारलं नाही. द इंटरनेट इज डाऊन. चला, आयताच पेशंट मिळाला.” सर कराडच्या मुलीला क्लासचा मोबाईल देतात. “कंपनीला फोन लाव. इंग्रजीसाठीचं बटण दाब. ह्या तीन प्रश्नांच्या बाहेर जायचं नाही.” फळ्याच्या कोपऱ्यात ते प्रश्न पहिल्या दिवसापासून आहेत म्हणे: काय दिसतंय? कधीपासून? आपण काय करून पाहिलं?

काका तोवर राउटरशी पोचलेत. बोट दाखवतात: एल-ओ-एस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकतोय. लॉस ऑफ सिग्नल. फायबरमधून उजेडच पोचत नाहीये. काका वायर हळूच काढून पुन्हा बसवतात, यंत्र बंद करून चालू करतात. दिवा लालच. ते खिडकीतून खाली जेसीबीकडे बघतात आणि काही न बोलता मान हलवतात.

फोन स्पीकरवर. आधी संगीत, मग एका तरुणाचं घोटलेलं इंग्रजी. मुलीचे कान लाल झालेत. “अवर इंटरनेट इज डाऊन. द एल-ओ-एस लाइट इज... इज...” लुकलुकतोय. अकरा तोंडं एकदम आ वासतात. काका डोळ्यांची उघडझाप करून दाखवतात.

“ब्लिंकिंग!” ती जवळजवळ ओरडते. “ब्लिंकिंग रेड.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तोच आवाज, पण मोकळा झालेला: “मॅडम, पुण्यातून बोलताय ना? मराठीत सांगितलंत तरी चालेल.”

वर्गात हशा. सर हाताने खूण करतात, बोल. ती श्वास सोडते, आणि मला वाटतं आता गाडी आपल्या नेहमीच्या वळणावर जाणार: अहो बघा ना, मघापासून नुसतं गोल गोल फिरतंय, कधी येणार तुमचा माणूस?

पण तसं होत नाही. “सहा वाजून दहा मिनिटांपासून नेट बंद आहे,” ती सांगते. “राउटर चालू आहे, एल-ओ-एसचा दिवा लाल लुकलुकतोय. वायर काढून परत बसवली, रीस्टार्ट केलं, फरक नाही. इमारतीसमोर खोदकाम चाललंय. फायबर तुटली असण्याची शक्यता आहे.”

काका समाधानाने बाकावर टेकतात. पलीकडे कीबोर्डचा खडखडाट, मग तक्रार क्रमांक. ती तो परत म्हणून दाखवते: पी फॉर पुणे, बी फॉर बारामती.

“उद्या सकाळी माणूस येईल,” तो म्हणतो. आणि जरा थांबून, “मॅडम, तुम्ही ह्याच लाइनमध्ये आहात का?”

ती सरांकडे बघते, मग काकांकडे.

“सोमवारपासून,” ती म्हणते.