मुरमातून विहिरीकडे: नायट्रेटचा प्रवास

हिंगोली जिल्ह्यात वसमत-कळमनुरीकडे हळदीला शेतकरी खत देताना हात आखडता घेत नाही. पिकाने न उचललेल्या युरियाचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात आणि दमदार पावसात ते खाली उतरतं. फॉस्फेट मातीला चिकटून राहतं. नायट्रेटवर मात्र ऋण प्रभार, काळ्या मातीच्या कणांवरही ऋणच. त्याला धरून ठेवणारं कोणी नाही. ते पाण्याबरोबरच चालतं. गावातले शोषखड्डे आणि उकिरडे त्यात भर घालतात.

हिंगोलीत विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम, मग फुटका खडक आणि शेवटी काळा पाषाण. हा सगळा दख्खनचा बेसॉल्ट. पाणी मुरमात आणि भेगांत असतं, अखंड पाषाणात जवळपास नाहीच. नेमकी ही कमी जागाच घातक ठरते. आन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडलेला नियम वापरून पाहू. समजा, थराची पारगम्यता दिवसाला २ मीटर आणि पाणीपातळीचा उतार १०० मीटरला १ मीटर आहे. दोन्हींचा गुणाकार ०.०२. पाण्याला वाहायला मोकळी जागा खडकाच्या २ टक्केच असेल, तर याला ०.०२ ने भागायचं: वेग दिवसाला १ मीटर. पंधरा मीटरवरच्या शोषखड्ड्यातलं नायट्रेट पंधरवड्यात विहिरीत! भेगेचा हिशेब याहून कडक आहे. तिची रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट होतो.

हाच हिशेब सगळ्या परिसरासाठी संगणकावर मांडता येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची १९८४ची 'मॉडफ्लो' ही संगणक प्रणाली जमिनीचे चौकोनी कप्पे पाडते आणि प्रत्येक कप्प्यात पाणी किती आलं, किती गेलं, याचा जमाखर्च मांडते. त्यावर दुसरी प्रणाली प्रदूषकाचं वाहणं, पसरणं, विरळ होणं मोजते. मग निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताळा घेतात. जुळला नाही की आकडे बदलून पुन्हा. वाळूच्या प्रदेशात हे बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडे शेजारच्या दोन विहिरींचे झरे वेगळे असतात, आणि जवळ नवा बोअर उपसायला लागला की पाण्याचा उतारच त्याच्याकडे फिरतो. म्हणून सरासरी धरून काढलेला नकाशा तालुक्याचा कल दाखवेल, पण तुमच्या विहिरीची हमी देणार नाही. इथे संगणकापेक्षा नोंदींची उणीव जास्त भासते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला रंग, वास काही नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं; बाटलीवरच्या तान्ह्या बाळाला त्याचा सर्वाधिक धोका. तेव्हा पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा आपल्या विहिरीचं पाणी तपासून घ्या, आणि त्याच दिवशी पाणीपातळीही लिहून ठेवा.